मेक्सिकन भुंगेरा (गाजरगवताचे जैविक नियंत्रण)

गाजरगवताचा बंदोबस्त करण्यासाठी मेक्सिकोहून भारतात आणलेला पानखाऊ भुंगेरा. शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा, कुल क्रायसोमेलिडी.

गाजरगवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस), म्हणजेच काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी, मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. भारतात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात लक्षात आले आणि पुढे गायराने, पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा सगळीकडे माजले. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, पण शेजारचे चांगले गवत मात्र खातात. त्यामुळे चराईच्या रानात गुरेच नकळत त्याला जागा मोकळी करून देतात. मोठे झाड १५,००० ते २५,००० बिया टाकते. ओल मिळाली की बी वर्षभर केव्हाही उगवते. माणसांना त्याच्या संपर्काने अंगावर चट्टे उठतात आणि परागकणांमुळे दमा बळावतो.

१९८३ मध्ये हा भुंगेरा बंगळुरूला आणला गेला. इतर पिकांवर तो जगतो का, याच्या चाचण्या झाल्यावर १९८४ मध्ये त्याला मोकळे सोडण्यात आले. चाचण्या नावापुरत्या नव्हत्या: त्याच कामासाठी आणलेला खोड पोखरणारा एक पतंग कारळ्यावरही वाढतो असे दिसताच बाद करण्यात आला.

प्रौढ भुंगेरा सुमारे ६ मिमी. लांब असतो. पंखांची कवचे मळकट पांढरी, त्यांवर गडद तपकिरी नागमोडी पट्टे. मादी बहुधा पानांच्या खालच्या बाजूस पिवळसर अंडी घालते. चार-सात दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि थेट शेंड्यातल्या व बेचक्यातल्या कळ्यांमध्ये शिरतात. या किड्याचे खरे मोल इथे आहे, कारण कळीच खाल्ली गेली की फूल नाही आणि बीही नाही. मोठ्या अळ्या पानांवर येतात. १०-१५ दिवसांत पूर्ण वाढलेली अळी जमिनीत शिरून कोष करते. अंड्यापासून प्रौढापर्यंत सुमारे महिना लागतो. पावसाळा सरल्यावर भुंगेरे जमिनीत सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या जूनच्या पावसाने वर येतात.

सोडण्यासाठी भुंगेरे जुलै-ऑगस्टमध्ये, जिथे ते मुबलक आहेत तिथून हाताने गोळा करावेत. झाकणाला भोके पाडलेल्या बरणीत गाजरगवताचे ताजे शेंडे घालून ते न्यावेत. पाने कोरडी हवीत. बरणीत पाणी साचले की किडे मरतात. एका ठिकाणी ५०० ते १,००० प्रौढ लागतात. ते रानभर विखरू नयेत, दाट वाढीच्या एकाच पट्ट्यात सोडावेत, म्हणजे नर-मादी एकमेकांना सापडतात. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, झाडे कोवळी आणि फुलोऱ्याआधीची. कमी भुंगेरे हाताशी असतील तर आधी मच्छरदाणीसारख्या जाळीच्या पिंजऱ्यात गाजरगवताच्या कुंड्या ठेवून ते वाढवून घेता येतात. कुंड्यांतली माती भुसभुशीत हवी, नाहीतर अळ्यांना कोष करायला जागा उरत नाही.

प्रयोग फसतो तो बहुधा घाईमुळे. भुंगेरे सोडल्यावर त्याच पट्ट्यात तणनाशक फवारले किंवा गवत कापले, की त्यांचे अन्नच संपते. जमीन नांगरली तर कोष उघडे पडतात. ऑक्टोबरनंतर सोडलेले भुंगेरे पिढी न वाढवताच जमिनीत जातात. बंगळुरूतसुद्धा झाडांचे खराटे होण्याइतकी संख्या वाढायला काही वर्षे गेली. पहिल्याच हंगामात रान साफ होईल ही अपेक्षा गैरलागू आहे. शिवाय पाऊस उशिरा किंवा तुटक पडला तर तण पुढे निघून जाते आणि भुंगेरे मागे राहतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात ओलिताखाली उगवणाऱ्या झाडांवर या किड्याचा उपयोग जवळपास नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस हे भुंगेरे सूर्यफुलाची पाने खातात अशी तक्रार कर्नाटकातून आली आणि बराच वाद झाला. गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर साचले की प्रौढ ती पाने कुरतडतात, असे तपासात आढळले. सूर्यफुलावर तो स्थिरावून पिढ्यान्‌पिढ्या वाढत नाही. तरीही सूर्यफुलाच्या शेताच्या बांधाला लागून भुंगेरे सोडू नयेत. भांडण ओढवून घेण्यात हशील नाही.

भुंगेऱ्यांतून निसटलेली झाडे फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावीत. रिकाम्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी फेकल्यास तो दाट वाढून गाजरगवताच्या रोपांना उजेड मिळू देत नाही. मात्र टाकळाही गुरांच्या चाऱ्याचा नव्हे, म्हणून गायरानात तो कडेपुरताच ठेवावा. पुढच्या वर्षी पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांनी शेंडे तपासावेत. अंडी किंवा अळ्या दिसल्या तर भुंगेरे तिथे टिकले आहेत. पुन्हा सोडण्याची गरज नाही.