मशीनच्या खडखडाटापासून पीसीच्या लॅबपर्यंत : आपल्याकडचा सेंटरचा धंदा कसा उभा राहिला

तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडसमोर उभं राहून वर बघा, पहिल्या मजल्यावर एक तरी बोर्ड दिसतोच, एमएस-सीआयटी (कॉम्प्युटरचा सरकारमान्य बेसिक कोर्स), टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), मराठी 30 इंग्लिश 40 (टायपिंगचा स्पीड), स्पोकन इंग्लिश आणि खाली मोबाईल नंबर. असं नवीन ट्रेनिंग सेंटर टाकणारे नेहमी विचारतात की कुठला कोर्स चालतो, पीसी किती घेऊ, फ्रँचायझी कुणाची घेऊ. मला वाटतं त्याआधी हा धंदा आपल्याकडे आला कुठून ते समजून घ्यायला पाहिजे, कारण मशीन बदलली, कोर्स बदलले पण धंद्याचा हिशोब फारसा बदललेला नाही.

सुरुवात टायपिंग इन्स्टिट्यूटपासून. सरकारी ऑफिसात क्लार्क-टायपिस्ट व्हायचं तर टायपिंगचं सर्टिफिकेट लागायचं, मराठी 30 किंवा इंग्लिश 40 शब्द मिनिटाला, आणि परीक्षा घेणार सरकार. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कागद मराठीत करायचं ठरलं तसं मराठी टायपिंगलाही मागणी आली. त्याआधीच म्हणजे 1955 ला गोदरेजने देशी टाइपरायटर काढला होता, तेव्हा रेमिंग्टन नाही परवडलं तर गोदरेज, नाहीतर सेकंडहँड, असं करत करत गावोगावी इन्स्टिट्यूट निघाल्या. म्हणजे गिऱ्हाईक आणलं कुणी तर सरकारी भरतीच्या अटीने. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

माझ्या मामांची अशीच एक इन्स्टिट्यूट होती, 10 मशीन, पत्र्याची खोली. सकाळी 7 ला पहिली बॅच, ए एस डी एफ पासून सुरुवात, बोटं चुकली की मामा काही बोलायचे नाहीत, मागे येऊन उभे राहायचे फक्त. रिबीन उलटी करून परत वापरायची, ऑइलची छोटी बाटली खिडकीत, आणि ओळ संपली की घंटी वाजायची त्यामुळे दहा मशीनच्या दहा घंट्या वेगवेगळ्या वेळी. परीक्षेच्या आधी सगळी मशीन गोधड्यांत गुंडाळून हातगाडीवरून सेंटरवर न्यायची, मुलं दोन्ही बाजूंनी धरून चालायची, कारण सवयीचं मशीन नसेल तर स्पीड पडतो.

आता हिशोब बघा. 10 मशीन, एका मुलाला एक तास, दिवसाला 12 तास उघडं ठेवलं तर 120 मुलं बसतात, पण प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ फुल आणि दुपारी 1 ते 4 खोली रिकामी. मामांनी वाढ केली ती नवीन मशीन घेऊन नाही, तर दुपार भरून. आसपासच्या गावांतल्या कॉलेजच्या मुली सव्वाचारच्या एसटीने परत जायच्या, त्यांच्यासाठी 3 ते 4 ची बॅच लावली, घरचे पण पाठवायला तयार झाले कारण मुलगी त्याच गाडीने घरी येते. माझ्या मते धंदा वाढवणं म्हणजे हेच, आधी रिकामा तास भरायचा आणि मग खुर्ची वाढवायची, पण बरेच जण उलटं करतात आणि कर्जाच्या हप्त्यात अडकतात.

मग कॉम्प्युटर आला. 1981 ला एनआयआयटी, 1986 ला ॲपटेक या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कंपन्या निघाल्या, शहरांत मोठाले कोर्स, मोठाल्या फिया. फ्रँचायझी नावाची गोष्ट या धंद्यात रुजली ती यांच्यामुळे. तालुक्याच्या इन्स्टिट्यूटवाल्यांनी मग प्लायवूडचं पार्टिशन टाकून दोन पीसी घेतले, चपला बाहेर काढून आत जायचं. 1999 पर्यंत वाय-टू-के च्या (2000 साल लागताच कॉम्प्युटरच्या तारखा बिघडतील या भीतीने निघालेल्या कामाच्या) हवेत सगळं जोरात होतं, नंतर आयटीतल्या नोकऱ्या आटल्या आणि महागड्या कोर्सच्या बॅचेसपण आटल्या. शिवाय प्रत्येकाचं सर्टिफिकेट स्वतःचं, स्वतःच छापलेलं, त्याला बाहेर किंमत किती हा प्रश्न होताच.

तिथे 2001 ने सगळं बदललं. राज्य सरकारच्या पुढाकाराने एमकेसीएल म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही कंपनी उभी राहिली आणि एमएस-सीआयटी आला, तोही मराठीतून शिकता येणारा. सिलॅबस एक, परीक्षा ऑनलाइन, सर्टिफिकेट तंत्रशिक्षण मंडळाचं, फी सगळीकडे ठरलेली आणि हप्त्यात भरायची सोय, सेंटरने लॅब आणि शिकवणारा माणूस द्यायचा. पुढे 5 हजारांवर सेंटर झाली. आणि परत तीच गोष्ट, सरकारी नोकरीसाठी हा कोर्स लागायला लागला. ज्या गुरुजींनी अर्धं गाव शिकवलं ते गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, पन्नाशीतले जिल्हा परिषदेचे क्लार्क, सगळे माउस पहिल्यांदा हातात धरून बसायचे, आणि तो माउस टेबलाच्या कडेला गेला की पुढे काय करायचं ते कळायचं नाही, उचलून मध्ये ठेवा म्हणून हळूच सांगायला लागायचं, चारचौघांत नाही. ज्या सेंटरने ही अदब सांभाळली त्यांच्याकडे त्याच गुरुजींनी पुढे आपली मुलं, पुतणे, विद्यार्थी पाठवले. त्या काळात जाहिरातीपेक्षा याने ॲडमिशन जास्त आले असं मी खात्रीने सांगते.

याची दुसरी बाजू पण आहे. फीतला वाटा वर एमकेसीएलकडे जातो, सिलॅबस आपल्या हातात नाही आणि नियम बदलला की रातोरात सगळं बदलायचं. 2015 च्या सुमारास टायपिंगची परीक्षासुद्धा कॉम्प्युटरवर आली, जुनं मशीन मुदतवाढ मिळत मिळत शेवटी बंद पडलं, आणि ज्यांच्याकडे नुसत्या मशीनच होत्या त्यांना भंगारच्या भावात विकाव्या लागल्या. त्याच वर्षी पंतप्रधान कौशल्य विकास योजना आली. तिच्या 2016 ते 2020 च्या टप्प्यात मुलाकडून फी नव्हती, पैसे सरकार द्यायचं पण टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा 20 टक्क्यांचा हप्ता मुलगा नोकरीला लागल्यावर. म्हणजे भाडं आणि पगार दर महिन्याला जाणार आणि पैसे नंतर येणार, हातात खेळतं भांडवल नसेल तर यात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात 2020 चा लॉकडाऊन. लॅबवर चालणारा धंदा, लॅबलाच कुलूप, भाडं मात्र चालू. टिकले ते बहुतेक स्वतःच्या जागेवाले नाहीतर मालक समजूतदार असलेले.

मामांच्या खोलीवर आता स्लॅब आहे, 15 पीसी आहेत, मामेबहीण सेंटर चालवते. दुपारची बॅच ती अजून एसटीचं टाइमटेबल बघूनच लावते, फक्त गाडी आता चारलाच सुटते म्हणून बॅच पावणेचारला सोडते.