पान सरकते, खूण टिकते : बुकमार्क आणि शॉर्टकट कळींमागचा इतिहास

नागपुरातल्या सीताबर्डीच्या एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये पीएच.डी.च्या प्रबंधाची शेवटची प्रत तयार होत असते, तेव्हा एक अडचण हमखास येते. मार्गदर्शकांनी छापील प्रतीवर ‘पान १४२, दुसरा परिच्छेद’ असे लिहून दुरुस्ती सांगितलेली असते. पण फाईल उघडली की १४२ व्या पानावर तो परिच्छेद नसतो, कारण मधल्या पंधरा दिवसांत दोन तक्ते वाढलेले असतात, ओळींमधले अंतर बदललेले असते आणि सगळा मजकूर पाच पाने खाली उतरलेला असतो. मग माऊसचे चाक फिरवत, डोळे ताणत तो परिच्छेद हुडकला जातो. हा शोध टाळण्याची सोय, म्हणजे मजकुरात नाव देऊन ठेवलेली खूण (बुकमार्क) आणि त्या खुणेपाशी क्षणात नेणारी कळ, वर्ड प्रोसेसरमध्ये नव्याने आलेली नाही. कार्यालयातल्या टेबलावर माऊस येऊन बसण्यापूर्वीही ती होती. रोज मोठ्या फाईली हाताळणाऱ्यांनाही तिची ओळख नसते याचे मला वाईट वाटते आणि हे टिपण लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मूळ प्रश्न पत्त्याचा आहे. छापील ग्रंथात पानाचा क्रमांक हा पक्का पत्ता असतो, आणि या पक्केपणावर किती मोठी व्यवस्था उभी राहू शकते याचे उदाहरण नागपुरातच आहे. येथून प्रकाशित होणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टर (एआयआर) या न्यायनिर्णयांच्या संग्रहातील निर्णयांचे दाखले देशभरातील न्यायालयांत दिले जातात. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असे म्हटले की वर्ष, न्यायालय आणि पान एवढ्यावरून वकिलाला केशवानंद भारती खटल्याचा निर्णय काढता येतो. छपाई झाली की ते १४६१ वे पान पुन्हा हलत नाही. टंकलेखन यंत्रावर उतरवलेल्या कागदाचेही तसेच होते. रोलरमधून बाहेर आलेल्या पानावर मजकूर वाढवायचा तर ते पान नव्याने टाईप करावे लागे. म्हणून जुन्या टंकलेखकाला ‘त्या जागी परत कसे जायचे’ हा प्रश्न फारसा पडत नसे. कागद काढायचा आणि बोट ठेवायचे, एवढेच काम होते.

मात्र उडी मारून ठरलेल्या जागी जाण्याची कल्पना टंकलेखन यंत्राला अगदीच परकी नव्हती. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये तक्ता टाईप करायला शिकताना विद्यार्थी आधी टॅब ‘सेट’ करीत, म्हणजे कॅरेज कुठे थांबावे ती जागा यंत्राला सांगून ठेवीत. नंतर टॅबची कळ दाबली की कॅरेज मधली घरे ओलांडून थेट तिथे जाऊन थांबे. जागा एकदा नेमायची आणि पुढे एका कळीने तिथे जायचे, हे बुकमार्कचे तत्त्व त्यात पूर्णपणे दिसते. फरक एवढाच की ती उडी एका ओळीपुरती, आडव्या दिशेची होती.

मजकूर कागदावरून सुटला आणि पानाचा पत्ता कच्चा झाला. १९६४ मध्ये आयबीएमने चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारे विजेवरचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे सत्तरच्या दशकात पडद्यावर मजकूर दाखवणारी यंत्रे आणि छोटे संगणक आले, आणि मजकूर कधीही लांबवता किंवा आखडता येऊ लागला. पण त्या पडद्यावर साधारणपणे ८० अक्षरांच्या २४ किंवा २५ ओळी मावत. म्हणजे शंभर पानांचा मजकूर एका अरुंद झरोक्यातून पाहावा लागे. झरोका मजकुरावर कसा फिरवायचा, हा त्या काळच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढचा मोठा प्रश्न होता, आणि त्याची सर्वांत विचारपूर्वक दिलेली उत्तरे मला वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये दिसतात.

सिमूर रुबिनस्टाईन यांच्या मायक्रोप्रो कंपनीने १९७८ मध्ये वर्डस्टार आणले आणि त्याची आज्ञावली रॉब बार्नबी यांनी लिहिली. त्या वेळच्या अनेक कळफलकांवर बाणाच्या कळी नव्हत्या किंवा प्रत्येक यंत्रावर त्या निराळ्या जागी असत, म्हणून वर्डस्टारने अक्षरांच्या कळींनाच दिशा दिल्या. कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि ई दाबली की कर्सर वर जाई, एक्सने खाली, एसने डावीकडे व डीने उजवीकडे सरके. कळफलकाकडे पाहिले तर या चार कळी खेळायच्या पत्त्यांतील चौकटच्या आकारात बसलेल्या दिसतात. त्यांच्या बाहेरच्या कळींना त्याच दिशेची मोठी पावले दिलेली होती : एसच्या डावीकडील एने एक शब्द मागे, डीच्या उजवीकडील एफने एक शब्द पुढे, आरने पडदाभर वर आणि सीने पडदाभर खाली. अंतर आणखी वाढवायचे असेल तर आधी कंट्रोल-क्यू दाबायचे. मग एस ओळीच्या आरंभी नेई, डी ओळीच्या शेवटी, आर फाईलच्या पहिल्या अक्षरापाशी आणि सी शेवटच्या अक्षरापाशी. पाठ करण्यासारखे यात थोडेच होते. कळीची जागा पाहून दिशा कळे आणि क्यू लावला की पल्ला वाढे. त्या काळी कंट्रोलची कळ बहुधा एच्या लगत डावीकडे असे, त्यामुळे करंगळी तिच्यावर ठेवून बाकीची बोटे आपल्या नेमल्या जागेवरून न हलवता हे सारे करता येई. ज्यांनी इन्स्टिट्यूटमध्ये कळफलकाकडे न पाहता टाईप करण्याचा सराव केला होता, त्यांना ही पद्धत लवकर मानवली यात नवल नाही.

बुकमार्कचे बीजही इथेच आहे. कंट्रोल-के आणि ० ते ९ यांपैकी एक अंक दाबला की कर्सरच्या जागी त्या अंकाची खूण बसे. पुढे कुठूनही कंट्रोल-क्यू आणि तोच अंक दाबला की कर्सर तिथे परत येई. एका फाईलमध्ये अशा दहा खुणा करता येत. वर मजकूर कितीही वाढला तरी खूण आपल्या शब्दांना चिकटून राही. पानाच्या क्रमांकाला जे जमत नव्हते ते तिला जमले. मात्र त्या खुणा काम चालू असेपर्यंतच्याच होत्या. आणखी एक आज्ञा होती, कंट्रोल-क्यू-पी, जी कर्सरला त्याच्या आधीच्या जागी नेई. मजकूर साठवण्याची आज्ञा दिली की वर्डस्टारच्या जुन्या आवृत्त्यांत कर्सर फाईलच्या आरंभी जाऊन बसे, आणि पूर्वीच्या जागी परतायचे असल्यास काही टाईप करण्यापूर्वी क्यू-पी दाबा अशी सूचना पडद्यावरच येई. नव्वदच्या दशकात संगणकाच्या वर्गांत वर्डस्टार, लोटस आणि डीबेस या आज्ञावलींचे त्रिकूट शिकलेल्या पिढीच्या बोटांना क्यू-पी अजूनही आठवत असेल.

याच सुमारास, कार्यालयांपासून दूर, युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या प्रोग्रामरांच्या जगातही तीच कल्पना रुळली होती. १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी लिहिलेल्या व्हीआय या मजकूर संपादित करण्याच्या आज्ञावलीत एम आणि एखादे अक्षर दाबून ओळीला खूण करता येते व नंतर त्या अक्षराने तिथे परतता येते. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळी आहेत, कारण जॉय ज्या टर्मिनलवर (संगणकाला जोडलेला पडदा व कळफलक) काम करीत त्याच्या याच कळींवर बाण छापलेले होते. एका यंत्रावरचे बाण पुढे पन्नास वर्षे लोकांच्या बोटांत राहिले.

अक्षरांच्या कळींवरचा हा भार नंतर हार्डवेअरने उचलला. १९८१ च्या आयबीएम पीसीवर बाण, होम, एन्ड आणि पेज-अप, पेज-डाऊन या कळी अंकांच्या चौकटीत सामावलेल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या १०१ कळींच्या कळफलकाने त्यांना स्वतंत्र जागा दिली आणि कंट्रोलला खालच्या कोपऱ्यात ढकलून त्याच्या जागी कॅप्स लॉक बसवले. वर्डस्टारची चौकट त्यामुळे अवघडली. दुसरीकडे, १९८४ च्या ॲपल मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणाच्या कळी मुद्दामच दिलेल्या नव्हत्या, कारण लोकांनी माऊस हाती घ्यावा असा निर्मात्यांचा आग्रह होता. माऊसने शिकणे सोपे झाले हे मान्य करावेच लागेल, पण लांब मजकुरात उडी मारण्याची सवय तिथपासून सुटत गेली असे माझे मत आहे. तळाला जायचे असेल तर पट्टी ओढायची, हेच शिकवले जाऊ लागले.

विंडोजसाठीचा मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८९ मध्ये आला. त्याच्या बुकमार्कने वर्डस्टारच्या खुणेत दोन मोठ्या सुधारणा केल्या. खुणेला अंकाऐवजी नाव मिळाले, आणि खूण फाईलबरोबर साठवली जाऊ लागली. मजकुरात जागा निवडून कंट्रोल-शिफ्ट-एफ ५ दाबले की बुकमार्कची चौकट उघडते. नावाची सुरुवात अक्षराने व्हावी लागते, त्यात मोकळी जागा चालत नाही, अधोरेषा चालते, आणि आजच्या आवृत्त्यांत नाव ४० चिन्हांपर्यंत असू शकते. नुसते एफ ५ किंवा कंट्रोल-जी दाबले की ‘गो टू’ची चौकट येते; तिथे पानाचा क्रमांक देता येतो तसे बुकमार्कचे नावही निवडता येते. शिफ्ट-एफ ५ ने आपण नुकतेच जिथे जिथे बदल केले त्या जागी एकामागून एक परतता येते; क्यू-पीचा हा वारसदारच म्हणायचा. बुकमार्क हा केवळ बिंदू नसतो, तो आरंभ आणि शेवट असलेला मजकुराचा तुकडाही असू शकतो. आजच्या डॉकएक्स फाईलच्या आत पाहिले तर एका खुणेसाठी आरंभाची आणि शेवटाची अशी दोन चिन्हे लिहिलेली आढळतात. मधले काही शब्द खोडले तरी खूण राहते. संपूर्ण तुकडाच पुसला तर मात्र तीही त्याच्याबरोबर जाते, आणि प्रबंधाच्या शेवटच्या फेरीत एखादा उल्लेख अचानक तुटलेला दिसतो तो बऱ्याचदा यामुळेच.

वर्ड स्वतःसाठीही बुकमार्क करतो, ही गोष्ट फार जणांच्या ध्यानात येत नाही. शीर्षकांवरून आपोआप अनुक्रमणिका केली किंवा ‘पाहा तक्ता ४’ असा अंतर्गत संदर्भ घातला की त्या त्या जागी अधोरेषेने सुरू होणारी लपलेली खूण बसते. पाने सरकली तरी अनुक्रमणिका अद्ययावत केल्यावर बरोबर क्रमांक दाखवते, ते या लपलेल्या खुणांमुळे. ज्याने अनुक्रमणिका हाताने टाईप केली त्याला हे काम शेवटच्या रात्री पुन्हा करावे लागते, आणि असे मी अनेकदा पाहिले आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत या साधनांचे मोल थोडे वेगळे होते. सर्व लिपींच्या अक्षरांना ठरावीक संकेतांक देणारे युनिकोड येण्यापूर्वी मराठी फॉन्ट बहुतेक वेळा रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसवून केलेले असत. एकच अक्षर दोन प्रकारे जुळवता येई, त्यामुळे ‘फाईंड’मध्ये शब्द टाकूनही तो सापडेलच असे नसे. शोध जिथे बेभरवशाचा, तिथे आधी करून ठेवलेली खूणच उपयोगी पडते. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले, आणि विंडोज २००० पासून ती रोजच्या संगणकावर वापरता येऊ लागल्यावर मराठीतला शोध विश्वासार्ह झाला. भारतीय लिपींसाठी १९८६ मध्ये ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर टाईप करतानाही शॉर्टकट कळींच्या जागा बदलत नाहीत : शोधासाठीची एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटीची कळ, ‘गो टू’ची जी म्हणजे ऱ्हस्व उकाराची, नकलेची सी म्हणजे ‘म’ आणि चिकटवण्याची व्ही म्हणजे ‘न’. मराठी टाईप करणाऱ्याने हे असे लक्षात ठेवले तर भाषा बदलण्याची कळ मध्ये दाबावी लागत नाही. कर्सरची चालही देवनागरीत निराळी असते. विंडोजवर उजवा बाण ‘स्त्री’ हे अक्षर एका पावलात ओलांडतो, पण बॅकस्पेस त्यातली आधी फक्त वेलांटी पुसतो.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी कळींनी फिरणे ही मुख्य वाट आहे. २००६ मध्ये मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली) मराठीही बोलून दाखवतो, आणि त्याच्या आधारे काम करणारा माणूस दस्तऐवजात शीर्षकाशीर्षकाने पुढे जातो. शीर्षकाला केवळ ठळक ठसा दिला आणि शीर्षकाची शैली लावली नाही तर त्याच्या दृष्टीने त्या दस्तऐवजात शीर्षकच नसते. शासकीय परिपत्रके आणि अभ्याससाहित्य तयार करणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यायला हवे.

लिब्रेऑफिस या मोफत आज्ञावली-संचात एफ ५ दाबल्यावर उघडणाऱ्या नॅव्हिगेटरमधून शीर्षके, तक्ते आणि बुकमार्क या सर्वांकडे जाता येते. तात्पुरत्या स्मरणखुणाही त्यात आहेत, आणि वर्डस्टारच्या खुणांप्रमाणेच त्याही फाईलमध्ये साठवल्या जात नाहीत. वर्डमधून पीडीएफ करताना शीर्षकांचे किंवा बुकमार्कांचे पीडीएफमधील बुकमार्क करून घेण्याचा पर्याय असतो. नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे शेकडो पानांची याचिका संगणकावर उघडून युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला तो पर्याय निवडलेला होता की नाही हे पहिल्या दोन मिनिटांतच कळते.

न्यायालयांनी स्वतःही आता पानाचा पत्ता एकट्याच्या भरवशावर ठेवलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रत्येक निर्णयाला कोणत्याही प्रकाशनावर अवलंबून नसलेला क्रमांक देण्यास सुरुवात केली, आणि त्या क्रमांकानंतर निर्णयातला परिच्छेद सांगितला की जागा नेमकी ठरते, मग तो निर्णय कागदावर वाचा किंवा पडद्यावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्णयांवर वर्षानंतर ‘बीएचसी-एनएजी’ अशी अक्षरे आणि पुढे क्रमांक असतो; पानाचा उल्लेख त्यात कुठेही नसतो.