सक्षमकारी नेतृत्व

हाताखालच्या माणसांना निर्णयाचा अधिकार, त्यासाठी लागणारी माहिती आणि चूक झाल्यास पाठिंबा देणारी नेतृत्वपद्धती. नुसते काम वाटून देणे यात बसत नाही. काम अंगावर टाकले, पण किरकोळ खर्चालाही साहेबांची सही लागत असेल, तर वाढते ती फक्त जबाबदारी. आणि ग्राहकाला मिळणारे उत्तर तेच, ‘विचारून सांगतो’.

व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जे कॉंगर आणि रवींद्र कानुंगो यांनी १९८८ मध्ये मांडले, की सत्ता खाली सोपवल्याने सक्षमीकरण पुरे होत नाही. ‘हे मला जमेल’ असा विश्वास कर्मचाऱ्यात निर्माण व्हावा लागतो. याच विषयाच्या अभ्यासक ग्रेचेन स्प्राइट्झर यांनी १९९५ मध्ये हा विश्वास मोजण्यासाठी चार बाजू धरल्या: काम मोलाचे वाटणे, ते जमण्याची खात्री, ते कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक आणि आपल्या करण्याने फरक पडतो ही जाणीव. वरिष्ठाच्या वागण्याचा प्रेरणेवरील परिणाम बराचसा या चौकडीतून घडतो. बोनस किंवा बढतीमुळे येणाऱ्या हुरुपाहून ही प्रेरणा वेगळी, कामातूनच उपजणारी असते.

याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमॉंटचे आहे. गैरहजेरी आणि संपांमुळे बदनाम झालेला जनरल मोटर्सचा तेथील मोटारींचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘न्यूमी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांशी जुनेच, युनियनही तीच. जुन्या कारखान्यात लाइन, म्हणजे गाड्या जोडणारी सरकती रांग, थांबवणे हा जवळजवळ गुन्हाच होता. नव्यात प्रत्येकाच्या हाताशी दोरी आली. दोष दिसताच कामगाराने ती ओढायची, दिवा लागून गटप्रमुख धावत यायचा, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष निघाला नाही तर लाइन थांबायची. ओढणाऱ्याला जाब न विचारता आधी अडचण विचारणे, हा यातला खरा बदल. थोड्याच काळात गैरहजेरी घटली, गाड्यांचा दर्जा सुधारला. अर्थात सारे श्रेय दोरीला देता येणार नाही. शक्य तोवर कामगारकपात न करण्याची हमीही करारात होती, आणि नोकरी टिकेल याची खात्री नसलेला माणूस दोरीला हात लावायला कचरतो.

ही पद्धत अनुभवी माणसांनाच मानवते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील औषधविक्री प्रतिनिधींवरील २००५ च्या अभ्यासात उलटे दिसले: कमी माहिती व कमी अनुभव असलेल्यांना तिचा अधिक फायदा झाला. मात्र मार्गदर्शनाविना दिलेली मोकळीक ओझे ठरते. कोणते काम आधी करायचे, कुठे थांबायचे, हे न कळल्याने ताण वाढतो, आणि ‘वरिष्ठ आपले काम आपल्यावर ढकलतो आहे’ अशी शंका मूळ धरते.

संस्कृतीचाही प्रभाव पडतो. एकाच कंपनीच्या अमेरिका, मेक्सिको, पोलंड आणि भारत येथील कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. इतर तीन देशांत सक्षमीकरणाबरोबर वरिष्ठांविषयीचे समाधान वाढलेले आढळले, भारतात ते घटलेले. वरिष्ठानेच निर्णय घ्यावा, ही येथील अपेक्षा त्यामागे असावी, असा अर्थ लावला जातो. पण एका कंपनीवरून साऱ्या भारताचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्याच अभ्यासात, कामात सतत सुधारणा करण्याच्या पद्धतीला मात्र भारतासह चारही देशांत अनुकूल प्रतिसाद मिळाला होता.