बोडोनी फक्त मथळ्यांपुरता? मुळीच नाही

‘बोडोनी आणि दिदो म्हणजे फॅशन मासिकांचे फाँट, मथळ्याला झकास, मजकुराला निकामी,’ असं डिझाइनवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत. पण पार्मात जांबात्तिस्ता बोडोनी आणि पॅरिसात फिर्मँ दिदो यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस हे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) घडवले ते अख्खी पुस्तकं छापायला. फॅशन फार नंतर आली.

मग आज बारीक मजकुरात या अक्षरांतल्या केसासारख्या पातळ रेघा गायब का होतात? कारण आपण एकच आरेखन हव्या त्या आकारात ताणतो. धातूच्या काळात प्रत्येक आकाराच्या खिळ्यासाठी वेगळा ठसा कोरला जाई. लहान आकारात पातळ रेघ मुद्दाम जाड, अक्षरं जरा रुंद आणि सुटी. आयटीसी या फाँट कंपनीच्या १९९४च्या ‘आयटीसी बोडोनी’त ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) तीन वेगळी आरेखनं आहेत. सहाचं मोठं करून बघा, चक्क ठोंबस दिसतं! उलट बहात्तरचं सहा पॉइंटांत लावलं, की रोमन ‘ई’ची आडवी रेघच पुसली जाते. बदनामी मात्र बिचाऱ्या बोडोनीची.

मजकुराला आयटीसी बोडोनी लावायचाच असेल, तर फाँटच्या नावात ‘सिक्स’ किंवा ‘ट्वेल्व्ह’ आहे का, ते आधी तपासा.