ताऱ्यांची ‘प्रत’: उलट्या मोजपट्टीची पार्श्वभूमी

उत्तर मुकुट या तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याच्या स्फोटाची सध्या वाट पाहिली जाते आहे. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेज सांगणारा आकडा (जितका लहान तितका तारा तेजस्वी), 10 च्या आसपास असते. 1866 आणि 1946 च्या उद्रेकांत ती 2-3 पर्यंत आली होती. ‘प्रत 10 वरून 2 वर घसरेल’ असं लिहिलं, की नवख्या वाचकाला तारा मंदावणार असं वाटतं. प्रत्यक्षात तो हजारपटीहून अधिक उजळतो. म्हणून ‘घसरली’, ‘वाढली’ ही क्रियापदं टाळून ‘उजळला’, ‘मंदावला’ म्हणावं आणि पुढे आकडा द्यावा.

दुसऱ्या शतकातल्या ग्रीक तारासूचीत ताऱ्यांचे सहा वर्ग होते. पहिल्या प्रतीचा तांदूळ म्हणतो, त्याच अर्थाने पहिल्या प्रतीचा तारा. मराठी संज्ञा त्यामुळे चपखल बसते. हिंदीतलं ‘कांतिमान’ मात्र आकड्याबरोबर तेजही वाढतं असं सुचवतं.

खरा घोळ 1856 चा. पहिल्या आणि सहाव्या प्रतीच्या तेजात साधारण शंभरपट फरक आहे, हे तोवर लक्षात आलं होतं. पण लगतच्या दोन प्रतींचं गुणोत्तर प्रत्येकाच्या मोजणीत वेगळं येई, कुणाचं 2.4 च्या आसपास तर कुणाचं 2.8 च्या. एका इंग्रज निरीक्षकाने 2.512 सुचवलं. कारण सोयीचं होतं: याचा लॉगॅरिदम 0.4 येतो, त्यामुळे सूत्रांत वारंवार लागणारा स्थिरांक बरोबर 5 होतो. डोळ्याच्या संवेदनेचा नियम म्हणून हा आकडा सांगितला जातो, ते चूक आहे. पट्टी सरळ करायची संधीही तेव्हाच होती. जुन्या सूच्या निरुपयोगी ठरू नयेत म्हणून ती उलटीच राहिली, आणि पुढे शून्याखाली जाऊन व्याधाला उणे 1.46 मिळालं. हाच निरीक्षक 1861 मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि त्याच वर्षी तिथून त्याने शोधलेल्या लघुग्रहाला ‘एशिया’ नाव मिळालं.

लॉगॅरिदममुळे प्रतींची बेरीज होत नाही. 2 प्रतीचे दोन तारे एकत्र दिसले तर मिळून प्रत 1.25 येते.

पुढे फोटोच्या काचा आल्या. त्यांना निळा प्रकाश जास्त जाणवे, म्हणून एकाच ताऱ्याला दोन प्रती मिळू लागल्या. मृगातला लालसर तारा काक्षी डोळ्याला साधारण 0.5, तर निळ्या गाळणीतून (फिल्टरमधून) 2.3 च्या आसपास. गाळणी न सांगता दिलेली प्रत म्हणूनच अर्धवट. शून्याचा आधारही सरकत राहिला: ध्रुवतारा काही काळ प्रमाण मानला, तर तोच किंचित बदलणारा निघाला, अभिजित शून्याचा मानला, तर आज त्याची प्रत 0.03 देतात.

डोळ्याने अंदाज घेताना एक थोडा उजळ आणि एक थोडा मंद असे दोन ज्ञात तारे निवडावेत, आणि त्यांच्यातल्या अंतराचे दहा भाग कल्पून आपला तारा कुठे बसतो ते ठरवावं. तिन्ही तारे शक्यतो सारख्याच उंचीवर हवेत. पुण्याहून अगस्त्य जास्तीत जास्त 19 अंशांच्या आसपास चढतो. त्याची प्रत उणे 0.74, पण तिथे हवेचा थर डोक्यावरच्या तिप्पट असल्याने, आकाश स्वच्छ असलं तरी तो अर्ध्या प्रतीहून अधिक मंद दिसतो. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो जास्त उजळ वाटू लागतो, म्हणून ओझरती नजर टाकावी. 2020 च्या फेब्रुवारीत काक्षी 1.6 पर्यंत मंदावला, तेव्हा निळसर ताऱ्यांशी तुलना करणाऱ्यांचे अंदाज याच कारणाने फसण्यासारखे होते.

धूमकेतू आणि दीर्घिकांची प्रत सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केल्यासारखी देतात. देवयानी दीर्घिका 3.4 प्रतीची, पण तो उजेड तीन अंशांवर पसरलेला, शहरातून 3.4 प्रतीचा तारा जेमतेम दिसत असेल, तर ती दिसणारच नाही.