लीग भारी की लीगमधले क्लब भारी? ला लीगा आणि प्रीमियर लीग

फुटबॉलमध्ये स्पेनची ला लीगा भारी की इंग्लंडची प्रीमियर लीग यावर वाद सुरू झाला की कोणीतरी लगेच चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबच्या स्पर्धेच्या, ट्रॉफ्या मोजायला घेतं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. २०१४ ते २०१८ सलग पाच वर्षं ती ट्रॉफी स्पेनमध्ये गेली, चारदा रिअल माद्रिद आणि एकदा बार्सिलोना. त्यावरून हे दोन क्लब काय ताकदीचे होते ते कळतं, पण ला लीगात टीम आहेत वीस. आता त्या काळात ला लीगा खरंच भारी होती बरं का, फक्त त्याचा पुरावा रिअल नाही, सेव्हिया आहे! रिअल-बार्साच्या सावलीत राहून त्यांनी २०१४, १५ आणि १६ अशी सलग तीनदा युरोपा लीग, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपियन स्पर्धा, मारली.

प्रीमियर लीगची ताकद वेगळ्या जागी आहे आणि ती पैशाच्या वाटपातून आलीय. स्पेनमध्ये २०१५ चा सरकारी आदेश येईपर्यंत प्रत्येक क्लब आपले टीव्ही हक्क स्वतःच विकायचा, म्हणजे मलई रिअल-बार्साकडे आणि बाकीच्यांना उरलंसुरलं. इंग्लंडमध्ये १९९२ पासून हक्क एकत्र विकतात आणि देशातल्या टीव्हीच्या पैशातला अर्धा भाग वीसही क्लबना सारखा मिळतो, म्हणून तर जेमतेम अकरा हजारांचं स्टेडियम असलेला बोर्नमथ २०२४ मध्ये पोर्तोसारख्या मोठ्या क्लबचा स्ट्रायकर एव्हानिल्सन सरळ उचलून आणू शकला.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२५ च्या युरोपा लीग सेमीफायनलचं. मँचेस्टर युनायटेड त्या सीझनला लीगमध्ये १५ वी आली, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ ला लीगात चौथी, आणि दोन लेग (दोघांच्या मैदानांवर एकेक मॅच) मिळून स्कोअर काय तर युनायटेड ७, बिल्बाओ १. हां, बिल्बाओला पहिल्याच लेगमध्ये पस्तिसाव्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं होतं आणि दुसऱ्या लेगला त्यांचे स्टार फॉरवर्ड विल्यम्स बंधू दोघंही नव्हते, ते धरायलाच हवं, एवढ्यावरून ला लीगा फालतू म्हणणं चूक आहे. पण फायनलला समोर कोण होतं, तर लीगमध्ये १७ वी आलेली टॉटनहॅम, आणि ट्रॉफी त्यांनीच नेली. म्हणून मला विचाराल तर लीगची तुलना करताना चॅम्पियन कोण ते बाजूला ठेवा, दहाव्या-बाराव्या नंबरच्या टीम समोरासमोर ठेवा आणि बघा.

अर्थात 'प्रीमियर लीगच्या वीसच्या वीस टीम तगड्या' हेही मला पटत नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही सीझनला खालच्या डिव्हिजनमधून वर आलेल्या तिन्ही टीम लगेच परत खाली गेल्या, त्यात साउथहॅम्प्टनचे तर ३८ मॅचमध्ये फक्त १२ पॉइंट.