घाम गळतो तो वाया, वाळतो तो कामाचा

मार्च लागला की दरवर्षी आपल्या रविवारच्या रेसला एकदोन जण तरी प्लास्टिकचं जॅकेट नाहीतर तो काळा 'स्वेट सूट' घालून येतातच. सोलापूरच्या उन्हाळ्यात! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लय घाम निघतोय ओ यात, चरबी वितळते." मग पळून आले की काट्यावर उभे राहतात, काटा एक किलो कमी दाखवतो, आणि ते बघून पुढच्या रविवारी अजून दोघं तसंच जॅकेट घालून हजर. यंदा तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्डच फिरायलाय, 'जितका घाम जास्त तितकी चरबी कमी'. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहावंच, कारण घाम ही गोष्ट इतकी भारी आहे की तिच्याबद्दल असलं काहीतरी पसरलेलं बघून खरंच वाईट वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपली रेस म्हणजे दर रविवारी पहाटे पाच किलोमीटर, फी नाही, मेडल नाही, एकजण मोबाईलवर स्टॉपवॉच लावतो आणि दुसरा वहीत नाव आणि वेळ लिहितो. असा दर आठवड्याला, फुकट, तेवढंच अंतर पळायचा प्रकार जगात लोकप्रिय केला तो पार्करनने, 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमधे पहिल्या दिवशी फक्त 13 जण पळाले होते, आज तो कितीतरी देशांत चालतो. आपल्याकडं पोलिस भरतीची पोरं येतात (त्यांचं लक्ष 1600 मीटरवर, तरी पाच पूर्ण करतात), रिटायर झालेले सर येतात, पूर्व भागातल्या वहिनी ग्रुपने येतात, स्टार्टला मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही एकदम ऐकू येतं. आणि विज्ञानाच्या नजरेनं बघितलं तर त्या वहीसारखी भारी गोष्ट नाही. रस्ता तोच, अंतर तेच, माणसं बरीचशी तीच, बदलते ती फक्त हवा. फेब्रुवारीतली पानं आणि मेमधली पानं शेजारी ठेवा, प्रॅक्टिस चालू असून पण वेळा वाढलेल्या दिसतील. ही हवा नेमकं काय करते ते आता सांगतो.

आधी थोडा हिशोब. पळताना माणूस दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागं साधारण एक किलोकॅलरी खर्च करतो. म्हणजे 65 किलोचा माणूस पाच किलोमीटर पळाला की 325 किलोकॅलरी. पण स्नायू हे काही फार काटकसरी इंजिन नाही, त्यातली चौथा-पाचवा हिस्साच ताकद कामाला लागते, बाकी सगळी उष्णता. धरा 250 किलोकॅलरी उष्णता, अर्ध्या तासात, अंगातच तयार झाली. आता 65 किलोच्या शरीराचं तापमान एक डिग्रीने वाढवायला साधारण 54 किलोकॅलरी पुरतात. भागाकार करा. ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर 37 चं तापमान फिनिशला येईपर्यंत 41.6 झालेलं असेल. 40 च्या वर गेलं आणि माणूस भान सोडून बोलायला लागला की डॉक्टर त्याला उष्माघात म्हणतात. म्हणजे आपण सगळे दर रविवारी उष्माघाताएवढी उष्णता तयार करतो आणि हसतखेळत इडली खायला जातो. हे कुणामुळं शक्य होतं? घामामुळं.

आता माझा आवडता भाग, जरा सावकाश वाचा.

पाण्याचे सगळे रेणू एकाच वेगाने हलत नसतात, काही सुस्त, काही फार चपळ. कातडीवर घामाचा पातळ थर असतो तेव्हा त्यातले सगळ्यात चपळ रेणू बाकीच्यांची ओढ तोडून हवेत निघून जातात. जाताना स्वतःची जास्तीची ऊर्जा घेऊन जातात, मागं राहिले ते सुस्त, म्हणजेच थंड. ती कमी झालेली ऊर्जा भरून काढायला कातडी त्यांना उष्णता देते, कातडीखालचं रक्त गार होतं, आणि ते गार रक्त आत परत जातं. शाळेत 'अप्रकट उष्मा' म्हणून जे शिकलो ते हेच. आकडा बघा, एक लिटर पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला 100 किलोकॅलरी लागतात, पण कातडीच्या तापमानाला एक लिटर घाम वाळायला 580 च्या आसपास! म्हणून आपल्या त्या 250 किलोकॅलरीसाठी अर्ध्या लिटरपेक्षा पण कमी घाम पुरतो. पण अट एकच, तो अंगावर वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकून रस्त्यावर पडलेल्या थेंबाने तुमचं पाणी नेलं, मीठ नेलं, गारवा मात्र जवळपास काहीच दिला नाही.

आपल्या घरातला माठ हेच करतो. छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाळतं, आतलं गार होतं. त्याच माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळून ठेवा आणि बघा पाणी गार होतं का. स्वेट सूट म्हणजे हेच. आत हवा वाफेने भरून जाते, घाम वाळत नाही, अंग तापत जातं, मेंदू म्हणतो अजून घाम सोड, तो पण वाळत नाही. घाम जास्त दिसतो तो गारवा मिळत नाही म्हणून. यात जीव गेलेत. 1997 साली अमेरिकेत महिना-दीड महिन्याच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या नादात गेले, गरम खोलीत, न श्वास घेणारे सूट घालून व्यायाम चाललेला, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असल्या सूटवर बंदी आली. आपल्या जिल्ह्यात तालमी गावोगाव आहेत, तिथल्या वस्तादांनी पण हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आणि ती चरबी? ती घामातून जातच नाही. चरबी जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. 2014 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे याचा अणूंचा हिशोब छापून आला होता, 10 किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातले 8.4 किलो श्वासातून कार्बन डायऑक्साइड बनून जातात आणि 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी जाते ती मुख्यतः नाकातोंडातून! पाच किलोमीटरची सगळीच्या सगळी ऊर्जा चरबीतून आली असं धरलं तरी 40 ग्रॅमच्या आसपास. काट्यावर दिसलेला एक किलो म्हणजे पाणी, दोन ग्लास ताक आणि एक तांब्या पाणी पोटात गेलं की तो परत जागेवर. 'घामातून टॉक्सिन निघतात' हे पण असंच, ते काम लिव्हर आणि किडनीचं आहे, आणि त्या नावाखाली पट्ट्या, पावडरी विकणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

आता सोलापूरच्या हवेकडं येऊ. घाम किती वेगाने वाळणार हे ठरतं कातडीवरच्या आणि हवेतल्या बाष्पदाबाच्या, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या दाबाच्या, फरकावर. 35 डिग्रीच्या ओल्या कातडीवर हा दाब 5.6 किलोपास्कल. मे महिन्यात आपल्याकडं दुपारी 40 डिग्री आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब 1.5, फरक 4.1. मुंबईत 31 डिग्री आणि 75 टक्के असेल तर हवेतला दाब 3.4, फरक फक्त 2.2. म्हणजे आपल्याकडं घाम वाळायची ओढ जवळपास दुप्पट. मुंबईहून आलेले पाहुणे म्हणतात की तुमच्याकडं ऊन कडक पण चिकचिक नाही, ते बरोबर आहे, कारण हेच.

इथं एक गडबड नेहमी होते. पहाटे ॲपमधे आर्द्रता 47 टक्के दिसते, दुपारी 20, म्हणून काहीजण म्हणतात पहाटे दमट असतं त्यापेक्षा उशिरा पळू. अहो, हवा तीच असते! 40 डिग्रीला 20 टक्के असलेली हवा 25 डिग्रीपर्यंत गार झाली की तिच्यात तेवढीच वाफ असून टक्केवारी 47 होते, कारण गार हवेची वाफ धरायची ताकद कमी आणि टक्केवारी त्या ताकदीच्या हिशोबात काढलेली. बाष्पदाब तोच 1.5, घाम वाळायची ओढ तीच. पहाटेचा फायदा वेगळाच आहे. हवा कातडीपेक्षा गार असल्यामुळं अंगाची उष्णता घामाशिवाय पण हवेत जाते, दुपारी मात्र 40 ची हवा उलट आपल्याला तापवते, वरून ऊन आहेच. म्हणून पहाटेच पळायचं, यात वादच नाही. ॲपमधे बघायचंच असेल तर टक्केवारी सोडा आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा) बघा, तो वाढला म्हणजे हवेत वाफ खरंच वाढली. जुलैत 25 डिग्री आणि 90 टक्के असताना फरक 2.8 वर येतो, मग ढगाळ गारव्यात पण टी-शर्ट पिळून काढावा लागतो.

पण आपल्या कोरड्या हवेचा एक धोका आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घाम येतो तसा वाळतो, त्यामुळं दिसतच नाही. माणूस म्हणतो मला आज घाम आलाच नाही, आणि अंगातलं लिटरभर पाणी गेलेलं असतं. खूण बघायची तर काळा टी-शर्ट घालून पळा आणि नंतर पाठीवर बघा, पांढऱ्या रेघा नकाशासारख्या उमटलेल्या असतात, कानाच्या मागं बोट फिरवलं तर खर लागते. ते मीठ.

त्या मिठाची गोष्ट पण भारी आहे. घामाची ग्रंथी म्हणजे कातडीत गुंडाळलेली बारीक नळी, अंगभर अशा 20 ते 40 लाख. तळाच्या गुंडाळीत जो घाम तयार होतो तो जवळपास रक्तातल्या पाण्याएवढा खारट असतो. मग तो नळीतून वर चढताना नळीच्या भिंती त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घेतात, म्हणून बाहेर येणारा घाम रक्तापेक्षा कमी खारट. घाम फार जोरात यायला लागला की भिंतींना वेळ मिळत नाही आणि मीठ जास्त जातं. हे क्लोराइड ओढणारं प्रथिन ज्या मुलांमधे जन्मतः बिघडलेलं असतं त्यांना सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार होतो, आणि त्याची टेस्ट आजही घामातलं क्लोराइड मोजूनच करतात. आता कमाल बघा, रोज थोडं थोडं गरमीत पळत राहिलं की अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन या भिंतींना जास्त मीठ वाचवायला लावतं. पहिल्या आठवड्यातच रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि कमी खारट येतो. सगळं व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत नव्या कामगारांना खोल गरम बोगद्यात पाठवायच्या आधी असंच मुद्दाम गरमीची सवय लावायचे. म्हणून पुण्याला एसी ऑफिसात बसणारी आपली पोरं एप्रिलच्या सुट्टीत येऊन पहिल्याच रविवारी जुनी वेळ गाठायला बघतात ते चुकीचं आहे. दोन आठवडे सावकाश पळा, अंग स्वतः तयार होतं. आणि ही सवय सुटते पण, महिनाभर गॅप पडला की बरीचशी गेलेली असते.

रेसमधली अजून एक गोष्ट. पळताना घाम कमी वाटतो आणि फिनिशला थांबलं की एकदम धारा लागतात. पळताना तुम्ही स्वतःच ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा तयार करत असता, तो थांबला की कातडीजवळची दमट हवा तिथंच राहते, आणि आतली उष्णता अजून शिल्लक असल्यामुळं ग्रंथी चालूच. तेव्हा लगेच खाली बसू नका, चालत रहा, पायातलं रक्त पोटऱ्यांच्या हालचालीनं वर चढतं, नाहीतर चक्कर येते. आणि आपला टेरी टॉवेल घेऊन दर दोन मिनिटांनी अंग खसाखसा पुसू नका, डोळ्यात जाणारा पुसा, धारा पुसा, पण पातळ ओल राहू द्या, तिच्यातच गारवा आहे.

पाण्याचं थोडक्यात. पाच किलोमीटरला इलेक्ट्रोलाइटच्या महागड्या गोळ्या लागत नाहीत, ती जाहिरात आहे. तहान लागेल तसं पाणी, नंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत, झालं. हाफ मॅरेथॉन करणाऱ्यांनी मात्र उलट टोक पण लक्षात ठेवावं, 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधे तपासलेल्या 488 जणांपैकी 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं होतं, आणि पळताना पाणी पिऊन पिऊन वजन वाढलेल्यांत ते जास्त होतं. आपलं आपण तपासायचं तर पळायच्या आधी आणि नंतर, कपडे काढून, अंग पुसून वजन करा. एक किलो फरक म्हणजे साधारण एक लिटर पाणी. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. त्या काट्याचा खरा उपयोग हा.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही असं अजून पण काही घरांत सांगतात. कांदा भाकरीबरोबर खा, छान लागतो, पण खिशातल्या कांद्यानं रक्ताचं तापमान एक शतांश पण उतरत नाही. मायेनं दिलेला असतो म्हणून ठेवा हवं तर, पण त्याच्या भरवशावर अकरा वाजता पळायला जाऊ नका.

आणि कुणी फिनिशला अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, नाव विचारलं तर भलतंच सांगायला लागला, तर घाम येतोय का नाही ते बघत बसू नका. पळणाऱ्याला उष्माघात झाला तरी अंग घामानं ओलं असू शकतं. 108 ला फोन एकानं करायचा आणि बाकीच्यांनी त्याच मिनिटाला सावलीत नेऊन गार करायला सुरुवात करायची, मोठा टब आणि बर्फाचं पाणी असेल तर गळ्यापर्यंत त्यात, डोकं धरून ठेवायचं. टब नसेल तर टॉवेल बर्फाच्या पाण्यात बुडवून डोकं, छाती, पाठ, मांड्यांवर, गरम झाले की लगेच बदलायचे, सोबत वारा घालत रहायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, आधी गार करणं, मग दवाखाना. एप्रिल-मेच्या रविवारी फिनिशला एक टब, दोन बर्फाच्या लाद्या आणि आठदहा टॉवेल ठेवायला फार खर्च नाही, ग्रुपवर बोलून टाका, टॉवेल मी आणतो.